आतून घातलेले टाके

१

चेन्नईत गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणारा एक कारखाना आहे. हेमलता खराडेचं तिथलं काम ऐकायला सोपं होतं. कुठल्या शिवणीला कुठला दोरा ते ठरवायचं, आणि तोच वापरला जातोय ना ते बघायचं. बैठकीच्या जोडाला जाड काळा नायलॉन, कारण माणूस वर्षानुवर्षं त्यावर आदळून बसतो. अस्तराला बारीक पॉलिस्टर. वरून दिसणाऱ्या शोभेच्या टाक्याला गाडीच्या रंगाशी जुळणारा, जरा चकाकणारा. आणि पाठीच्या एका कडेला हातभर शिवण अशी, की तिला मुद्दाम कच्चा दोरा. हा निळा असायचा, चुकून दुसरा वापरला तर लगेच दिसावा म्हणून.

त्या शिवणीमागे एअरबॅग बसते. गाडी कुठं धडकली की डोळ्याचं पातं लवायच्या आत तो फुगा ती शिवण फाडून बाहेर आला पाहिजे. शिवण फाटली नाही तर आतल्या माणसाचं काय होईल, हे हेमलता नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगायची. "बाकीच्या शिवणी टिकाव्यात म्हणून घालतो. ही एक फाटावी म्हणून."

दर पन्नास कव्हरांमागे एक कव्हर तपासणीच्या खोलीत यायचं. तिथं सुंदरी अक्का असायच्या. तंजावरकडच्या मराठी घरातल्या, वय अठ्ठावन्न. बावीस वर्षं मशीनवर बसून डोळे अधू झाले तेव्हा त्यांना तपासणीवर घेतलं होतं. डोळ्यांपेक्षा बोटांवर त्यांचा भरवसा जास्त. शिवणीवरून बोट फिरवून कुठल्या मुलीनं शिवलंय ते त्या सांगायच्या, आणि सहसा चुकायच्या नाहीत. कऱ्हाडची हेमलता आणि मैलापूरच्या अक्का एकमेकींशी मराठीत बोलायच्या, पण दोघींची मराठी ऐकणाऱ्याला दोन वेगळ्या भाषा वाटाव्यात अशी होती.

त्या सोमवारी सकाळी साडेदहाला अक्कांनी कव्हर, शिवण किती ओढीला तुटते ते मोजणाऱ्या ओढमशीनच्या दोन जबड्यांत अडकवलं आणि बटण दाबलं. निळा दोरा तडतड तुटत गेला. शिवण बोटभर उघडली आणि अडली. जबडे ओढतच राहिले. पडद्यावरचा आकडा ठरल्या मर्यादेच्या पुढं गेला, आणखी पुढं गेला, आणि मशीन आपोआप बंद झालं.

"दोरा चुकला वाटतं," हेमलता म्हणाली.

अक्कांनी फटीत बोट घातलं आणि लगेच काढून घेतलं.

"निळा तुटलाय की, बाई. त्याच्यामागं अजून एक शिवण अहे."

२

भिंगाखाली धरल्यावर नीट दिसलं. निळ्या शिवणीच्या आत पांढऱ्या सुती दोऱ्याची दुसरी शिवण होती. हातानं घातलेली. उलटी टीप, एकेक टाका मोहरीएवढा. ओढल्यामुळं निम्मे टाके तुटले होते, निम्मे तसेच धरून होते.

कारखान्यात हातानं कोणी शिवत नव्हतं. सुती दोरा तर आवारातच येत नव्हता.

हेमलतानं डोकं शांत ठेवलं. मशीनचा टाका चुकला असेल, कुणीतरी पर्यवेक्षकाच्या भीतीनं हातानं सांधून टाकलं असेल. घरून दोरा आणला असेल. असं होतं. ती हे मोठ्यानं बोलली, तेव्हा अक्का फटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

"गाठ कुठं अहे बघा," त्या म्हणाल्या.

हेमलतानं भिंग फिरवलं. गाठ आतल्या बाजूला होती, फुगा बसतो त्या पोकळीत. कव्हर तर तिन्ही बाजूंनी आधीच शिवून झालेलं असतं, ही कड शेवटची. बाहेरून शिवणाऱ्याची गाठ बाहेर पडायला हवी.

"म्हणजे?"

"म्हणजे शिवणारं माणूस आत बसून शिवत होतं." अक्का हे तक्रारीच्या नव्हे, रोजच्या निकालाच्या सुरात बोलल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "हा टाका जोडायला म्हणून घाटलेला नव्हे, बाई. इतकं जवळ जवळ कोण्ही जोडायला शिवत नाही. काही बाहेर येऊ नये म्हणून शिवतात असं."

हेमलता हसली, पण त्याच वेळी तिच्या मनगटावर फटीतून ऊबदार हवा आली. एकदा आली आणि थांबली. मशीनचे जबडे हवेच्या दाबावर चालतात, कुठं तरी गळती असेल, असं तिनं ठरवलं आणि दुरुस्तीसाठी तशी चिठ्ठीही लिहिली.

राहिलेली एकोणपन्नास कव्हरं तिनं एकेक करून तपासून घेतली. सगळीकडं फक्त निळा दोरा.

३

बुधवारी दुसरं कव्हर निघालं.

या वेळी टाके आणखी बारीक होते आणि दोन ओळींत होते. उपेंद्र, कारखान्याचा व्यवस्थापक, स्वतः खाली आला. नाशिकचा, हेमलताच्याच वयाचा, चांगला माणूस.

"खोडी आहे कुणाची तरी," तो म्हणाला. "कॅमेरे बघू."

कॅमेऱ्यात ते कव्हर सापडलं. मशीनवर आलं, चाळीस सेकंदांत शिवून झालं, घडी होऊन ढिगावर गेलं. तिथून पेटीत, पेटीतून तपासणीच्या खोलीत. कुठंही कुणी सुई घेऊन बसलं नव्हतं. हेमलतानं टाके मोजले. चारशेच्या वर. हात कितीही चलाख असला तरी दोन तासांचं काम.

"आता?" तिनं विचारलं.

"आता नियमाप्रमाणे पूर्ण फाडायचं, आकडा लिहायचा, लॉट अडवायचा. गाडीत कुणाचं पोर बसणार आहे, हेमलता. तू मला सांगतेस ना नेहमी?"

ते खरं होतं. उपेंद्र गेल्यावर तिनं मर्यादेचं कुलूप काढून मशीन पूर्ण ताकदीवर लावलं. अक्का मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"हे नोको, बाई. ज्यानं शिवलंय त्याला ठाऊक का शिवलंय ते."

"अक्का, उद्या असं एक कव्हर बाहेर गेलं तर? फुगा अडकला तर?"

अक्का मशीनपाशी आल्या. त्यांनी बटण दाबलं.

निळा तुटला. पांढरा ताणला गेला. आणि तेव्हा हेमलताला आवाज ऐकू आला. टुक्, आणि मागोमाग सर्र. जाड कापडातून सुई निघावी आणि दोरा ओढला जावा, तसा. टुक्, सर्र. टुक्, सर्र. शिवण इकडून तुटत होती आणि आत कुणीतरी तिकडून घाईघाईनं शिवत होतं. हे तिच्या मनात आलं आणि तिनं ते तिथंच झटकलं, कारण जबड्यांचे दाते घसरले तरी असाच आवाज येतो.

मग एकदम सगळे टाके सुटले. कव्हर हातभर उघडं पडलं. आत काळोख, फोमचा कडवट वास, बाकी काही नाही. आवाज थांबला होता.

अक्का मागे सरून स्टुलावर बसल्या. खोलीचं दार बंद होतं. ते उघडलं गेलं, माणूस बाहेर जाईल इतकं, आणि पुन्हा लागलं. हेमलता म्हणाली, एसीमुळं.

४

गुरुवारी अक्का आल्या नाहीत. अकरा वाजता फोन आला.

"घरात कोण्ही तरी बसलंय, बाई."

"कोण?"

"ठाऊक नाही. काल माझ्या मागून आत आलं. बसलंय. उठत नाही."

हेमलता रिक्षा करून मैलापूरला गेली. देवळाच्या मागच्या गल्लीत अक्कांचं दोन खोल्यांचं घर. भर दुपारचं ऊन, फुलवाल्यांचा ओरडा, शेजारून संगीतसभेच्या तालमीचा मृदंग. अक्का बाहेर पायरीवर बसल्या होत्या, पायांत चपला, मांडीवर पिशवी. दार सताड उघडं होतं.

"आत जाऊन बघा. जवळ नोको जाऊ."

पुढच्या खोलीत एक लाकडी पलंग, एक टीव्ही, भिंतीला लागून वेताची जुनी खुर्ची. तिच्यावर कोणी नव्हतं. फक्त खुर्चीचा विणलेला वेत मधोमध खाली गेला होता, कुणी जड माणूस बसल्यावर जातो तसा.

जुना वेत आहे, सैल पडलाय. हेमलतानं स्वतःला सांगितलं. तिला जवळ जाऊन हात लावून बघायचं होतं, म्हणजे विषय संपला असता. पण तिचे पाय उंबऱ्याच्या आत दोनच पावलं गेले.

"अक्का, काही नाहीय इथं," ती मागे न वळता म्हणाली.

वेत करकरला. खोलगा पुढच्या कडेला सरकला. बोलणाऱ्याकडं बघायला कुणी पुढं वाकावं, तसा.

हेमलता उलट पावली पायरीवर आली. अक्कांनी दार ओढून कुलूप घातलं.

"मी भाचीकडं जाते, तांबरमला," त्या म्हणाल्या. "तुम्ही एक ऐका. परत तो टाका दिसला तर उसवू नका. आत शिवणारी एक अहे आणि बाहेर यायला बघणारी कितीक अहेत. आपण एकदा दार उघडलं, त्यातलं एक बाहेर आलं."

"शिवणारी? बाई आहे हे कशावरून?"

"बावीस वर्षं मी हेच केलं की. हात ओळखू येतो." अक्कांनी किल्ली पिशवीत टाकली. "भ्यालेली अहे ती. दमलेली अहे. पण हात चांगला अहे."

५

पुढची आठ कव्हरं साधी निघाली. हेमलताला बरं वाटायला लागलं. अक्कांचं वय झालंय, एकटं राहणं वाईट, आपणही त्यांच्या नादी लागलो, असं ती नवऱ्याला, पुष्करला, अड्यारच्या घरी जेवताना म्हणाली. तोही म्हणाला, रजा टाक दोन दिवस.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती तपासणीच्या खोलीत एकटी होती. सुट्टीत शिवणकामाच्या दालनातले दिवे बंद करतात. साठ मशीनं एकदम गप्प झाली की कानात दडे बसल्यासारखं होतं. कँटीनकडून भांड्यांचा आवाज येत होता. टेबलावर पुढचं कव्हर पडलं होतं, अजून मशीनला न लावलेलं.

टुक्. सर्र.

तिनं मान वर केली नाही. फायलीतली ओळ पूर्ण लिहिली.

टुक्. सर्र.

आवाज टेबलावरून येत होता.

तिनं पाती घेतली आणि निळ्या शिवणीचे दोन बोटं रुंदीचे टाके कापले, फक्त बघण्यापुरते. फट उघडली. आत पांढरे टाके होते, तीन ओळींत, एकमेकांना चिकटून. आणि तिच्या डोळ्यांदेखत, टाके संपत होते तिथं, सुईचं टोक आतून बाहेर आलं. थोडंसं चमकलं. वळलं. परत आत गेलं. दोरा सर्र करून घट्ट झाला.

हेमलता तशीच उभी राहिली. कारण शोधायला तिच्याकडं काहीच उरलं नव्हतं.

मग सपाट पडलेलं कव्हर फुगलं. पोकळीतून काहीतरी वर आलं आणि शिवणीला टेकलं, रुंद, बोथट, कुणी दाराला कपाळ लावावं तसं. ते ढोसत नव्हतं, नुसतं टेकून भार वाढवत होतं. पांढरा दोरा ताणला गेला. त्याचे तंतू एकेक करून उभे राहताना तिला दिसले. सुती दोरा. तिचं सगळं आयुष्य दोऱ्यात गेलं होतं. एवढ्या भाराला हा किती वेळ टिकेल, हे तिला आकड्यात सांगता आलं असतं.

फटीत दोन बोटं दिसली. सुई धरलेली, बाईची. टोकं सुईनं टोचून टोचून चाळणीसारखी झाली होती, आणि त्यांतून रक्त येत नव्हतं. एक टाका घालण्यापुरती दिसली आणि आत गेली.

६

हेमलता कोठारात धावली. तिथं भिंतभर दोऱ्याचे कोन मांडलेले होते. हात सवयीनं निळ्याकडं गेला आणि मागे आला. तिनं सगळ्यात जाड काळा नायलॉन उचलला, जो सीटच्या सांगाड्याशी बांधायच्या पट्ट्यांना वापरतात, दोन माणसं लोंबकळली तरी न तुटणारा. दुरुस्तीच्या पेटीतली वाकडी सुई घेतली, दोरा दुहेरी ओवला आणि परत आली.

इतकी वर्षं तिनं एकच गोष्ट बघितली होती, की ही शिवण उघडलीच पाहिजे. आता तीच शिवण ती बाहेरून बंद करत होती.

पहिले दोन टाके वाकडे पडले. मग ती आतल्या टाक्यांच्या लयीला लागली. आत टुक्, बाहेर टुक्. पांढऱ्याच्या शेजारी काळा. पांढरा टाका भारानं सुटायला आला की ती नेमकी तिथं काळा घालायची. दोघी एकच कड धरून पुढं सरकत होत्या. मधेच आतल्या सुईचं टोक तिच्या बोटाला लागलं, आणि लगेच मागे गेलं, जणू चुकून लागलं. हेमलताच्या डोळ्यांत पाणी आलं. का, ते तिला कळलं नाही.

शेवटच्या वितीला आतला आवाज बदलला. टुक् ऐकू येईना, नुसतं सर्र, सर्र. पांढरे टाके सैल पडताना दिसले. दमली बिचारी, हेमलताला वाटलं. आता आपल्यालाच उरकायला हवं. तिनं वेग वाढवला. आतला भार काळ्या दोऱ्यावर आला, आणि काळा हलला नाही. तिनं शेवटचा टाका ओढला, तिहेरी गाठ मारली, दोरा कापला.

कव्हर हळूहळू सपाट झालं. दालनातले दिवे लागले. साठ मशीनं एकदम सुरू झाली.

७

त्यानंतर एकाही कव्हरात हातचा टाका निघाला नाही. महिनाभरानं उपेंद्रनं विषय मिटवला. बाद झालेलं कव्हर यंत्रात घालून तुकडे करायचे, असा नियम होता. हेमलतानं ते एक कव्हर यंत्रात जाऊ दिलं नाही. तपासणीच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवलं आणि किल्ली स्वतःकडं ठेवली.

सुंदरी अक्का परत आल्या त्या वाळून. मैलापूरचं घर त्यांनी तसंच कुलपात ठेवलं होतं आणि खुर्चीकडं पाठ करून त्या आता कुठंच बसत नसत. पहिल्याच दिवशी, दुपारी, त्यांनी विचारलं, "परत दिसला होता का टाका?"

हेमलतानं कपाट उघडलं. कव्हर टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. आपण उसवलं नाही, तुमचं ऐकलं, तिला मदत केली, हे सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमानही आला.

अक्कांनी शिवणीवरून बोट फिरवायला सुरुवात केली. एका टोकापासून, हळूहळू.

"हा तुमचा. हा तिचा. हा तिचा. चांगलं धरलंय दोघींनी." बोट पुढं सरकलं. शेवटच्या वितीवर आलं आणि थांबलं. अक्कांनी तो भाग पुन्हा चाचपला, मग दाबून चाचपला, मग नखानं काळ्या टाक्यांच्या मधे खरवडलं.

"इथं काय झालं?"

"इथं ती दमली. टाके सैल पडले. मग मीच पुरं केलं."

"दमली नाही," अक्का म्हणाल्या. "इथं भोकं अहेत, दोरा नाही. अस्कं, सगळंच नीट, एकेक टाका सुईनं उचलून काढलाय. हात तोच अहे."

"म्हणजे?"

अक्कांनी त्या भोकांवरून परत एकदा बोट फिरवलं.

"तिला वाटलं, बाहेरून कोण्ही तरी धरलं. आता आपण सुटलो. स्वतःपुरती जागा उसवत होती, बाई. बाहेर येत होती ती."

हेमलतानं काळ्या गाठीकडं बघितलं. तिहेरी, घट्ट, दोन माणसं लोंबकळली तरी न सुटणारी. टेबलाच्या कडेला कातर होती. तिचा हात तिकडं गेला.

तेवढ्यात शिवणीच्या आतून, त्या शेवटच्या वितीतून, नख घासल्यासारखा आवाज आला. एकदाच. आणि मग वाट बघावी तशी शांतता. नख तिचं, की आतल्या दुसऱ्या कुणाचं, हे अक्कांच्या बोटांनाही सांगता आलं नसतं.

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. अक्कांनी दोन्ही तळवे पुढं केले आणि शिवण वरून दाबून धरली. थोड्या वेळानं हेमलतानं कातर सोडून दिली आणि आपले हात त्यांच्या हातांवर ठेवले.